तोंडाच्या अस्तराखालची वीण

आपल्याकडे सोयरीक जुळली की सुपारी फुटते, पूजेत गणपतीच्या ठायी सुपारीच मांडली जाते आणि पंगत उठल्यावर तबकात पुन्हा तीच पुढे येते. तेव्हा तिच्याविरुद्ध चार शब्द लिहावयाचे तर ते सकारण लिहिले पाहिजेत. आणि ते कारण समजण्यास शरीरातील एका उपेक्षित भागाची आधी ओळख करून घेणे अवश्य आहे. त्यास संयोजी ऊतक म्हणतात.

मेंदू, काळीज, फुप्फुसे यांची नावे सर्वांच्या तोंडी असतात. परंतु कातडीला खालच्या मांसाशी जोडणारे आणि स्नायूला हाडाशी जखडणारे जे असते, त्याची विचारपूस कोणी करीत नाही. ज्यांच्या घरी मांसाहार चालतो त्यांनी मटण साफ करताना वरचा पांढरा, चिवट पापुद्रा पाहिलाच असेल. तो याच जातीचा. इतर ऊतकांत पेशी एकमेकींना खेटून असतात. येथे त्या विरळ असतात, आणि खरे महत्त्व आहे ते मधल्या जागेत भरलेल्या पदार्थाला.

या पेशींत मुख्य ती तंतुजनक पेशी. जंतूंना व मृत पेशींना गिळणाऱ्या भक्षक पेशी आणि चरबी साठविणाऱ्या पेशीही तेथे असतात. पण तंतू व त्यांच्याभोवतीचे आधारद्रव्य निर्माण करणे हे काम तंतुजनक पेशीचेच. आधारद्रव्य लापशीसारखे असते. ते पुष्कळ पाणी धरून ठेवते, आणि रक्तातील अन्नरस त्यातूनच झिरपत पेशींपर्यंत पोचतो. त्यातील शर्करेच्या लांब साखळ्या जोडणाऱ्या काही विकरांना मँगनीज लागते. भरवेलीच्या खाणीतून निघते तेच हे! अर्थात शरीरास ते कणभरच लागते व धान्य-डाळींतून मिळते. खाणीची धूळ पोटात वा छातीत जाणे हा लाभ नव्हे, अपाय आहे.

तंतूंमध्ये लवचीक तंतू ताणून पूर्ववत होतात, जाळीदार तंतू नाजूक असतात, पण बळ असते ते कोलॅजनचे. शरीरातील एकूण प्रथिनांचा सुमारे चौथा हिस्सा कोलॅजनच असतो. दोरीला जसे तीन पेड, तसे त्याच्या रेणूला तीन पेड असतात. ही रचना उलगडण्याचे मोठे श्रेय मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांचे; त्यांनी १९५४ व १९५५ साली ती मांडली. हे पेड नीट बसण्यास क जीवनसत्त्व लागते. म्हणून आवळा, पेरू, लिंबू यांची मातबरी.

निरोगी शरीरात जुने तंतू विरघळतात, नवे विणले जातात, आणि हा जमाखर्च बरोबर जुळतो. सुपारी नेमका हाच हिशेब बिघडविते. तिच्यातील अरेकोलिन तंतुजनक पेशींना चेतविते. तिच्यातील तांब्यामुळे तंतूंना आडवे टाके घालणाऱ्या विकराला जोर येतो. आणि तिसरे तिचे टॅनिन. हिरडा किंवा बाभळीची साल घातलेल्या पाण्यात कातडे कमावतात ते कशासाठी? टॅनिन कोलॅजनला घट्ट धरते व कातडे कुजत नाही. तेच तोंडातल्या जिवंत अस्तराखाली घडले म्हणजे जुने तंतू विरघळेनासे होतात. चर्मकाराने मेलेल्या कातड्यावर करावयाचे काम आम्ही आपल्या गालावर करून घेतो!

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच हिंदी स्त्रियांत हा विकार नोंदविला आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. आरंभी तिखट झोंबते. मग गालाचे अस्तर पांढुरके व ताठ होते, शिट्टी वाजेनाशी होते, पुढे पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही आणि अखेरीस भाताचा घासही जड होतो. एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतील शेकडा ७.६ जणांस तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगजनक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात दिला. ‘आमचा मुलगा तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो’ असे समाधान मानणाऱ्या माउलींनी हे वाक्य पुन्हा वाचावे. खऱ्र्यात तर सुपारी, तंबाखू व चुना एकत्रच घोटलेले असतात.

उपचार आहेत. आधारद्रव्य पातळ करणाऱ्या विकराची टोचणी देतात, तोंड उघडण्याचा व्यायाम करवितात, फार आखडले असल्यास शस्त्रक्रियाही करतात. परंतु बसलेली वीण पूर्णपणे उसवत नाही. सुपारी चालू ठेवल्यास हे सारे वायाच जाते.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. तोंड पुरते उघडून आपलीच तीन बोटे, तर्जनी, मधले व अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालावीत. ती मावत नसतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे. पूजेतल्या सुपारीला आमची हरकत नाही. तबकात तिच्या जागी बडीशेप व धणाडाळ ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.