घरातल्या कोळ्यांची तिजारत : नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याने कोळ्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अलीकडे दोन-तीन तरुणांनी आम्हाला विचारले की, परदेशातून टॅरंटुला म्हणजे मोठे केसाळ कोळी मागवून घरातच त्यांची पैदास केली तर धंदा चालेल काय? एकेक नग हजारोंना विकला जातो, असे त्यांच्या कानावर आले आहे. आपल्या मुलांचे भांडवल जिथे गुंतण्याची शक्यता आहे, तिथला हिशेब अगोदर मांडलेला बरा.

हा शौक मुख्यतः युरोप-अमेरिकेतला. ब्रिटन आणि जर्मनीत या शौकिनांच्या संस्था आहेत, त्यांची प्रदर्शने भरतात, तिथेच खरेदी-विक्री होते. पाळण्याचा खर्च खरोखरच थोडा आहे. हवा खेळेल असा एक डबा, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, लपायला झाडाच्या सालीचा तुकडा आणि पाण्याची लहान वाटी, एवढे पुरते. खाणे म्हणजे आठवड्यातून एखादे झुरळ किंवा रातकिडा. मोठा कोळी महिनोन्महिने उपाशीही राहू शकतो. मात्र थोड्या उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरतो, म्हणून जाणकार लोक त्याला हातावर घेत नाहीत. वाढताना तो कात टाकतो, तेव्हा उताणा पडून राहतो. नवशिके त्याला मेलेला समजून फेकून देतात! त्या वेळी डब्यात जिवंत रातकिडा राहिला, तर तोच कोळ्याला कुरतडतो.

या बाजारात खरी किंमत मादीची. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी प्रसिद्ध आहे. त्याची मादी वीस वर्षांहून अधिक जगते, नर मात्र वयात आल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षांत संपतो. म्हणून घेणारा आधी विचारतो, मादी की नर? टाकलेली कात भिंगाखाली पाहून हे ओळखतात. आम्ही भिंग लावून कापडाचे धागे मोजतो, तसेच हे काम. नजर तयार व्हायला वर्षे लागतात.

पैदाशीची रीत तर आपल्या व्यापाऱ्यांना ओळखीची वाटेल. एकाकडे मादी असते, दुसऱ्याकडे नर. नरवाला आपला नर टपालाने मादीवाल्याकडे धाडतो आणि पिल्ले झाली की निम्मी-निम्मी वाटून घेतात. सरळ शिरकतच म्हणा ना! मादीने नराला खाऊन टाकले तर सहसा त्याची भरपाई मागत नाहीत, ही जोखीम नरवाल्याची. मादी रेशमाच्या पिशवीत अंडी घालते. कधी ती स्वतःच ती खाऊन टाकते, म्हणून काही पाळणारे पिशवी महिन्याभरात काढून घेऊन वेगळी सांभाळतात. लाल गुडघ्याच्या एका पिशवीतून काही शेकडो पिल्ले निघतात.

आणि इथेच नफ्याचे गणित फिरते. पिल्लू मुगाच्या दाण्याएवढे. प्रत्येकाला वेगळी कुपी, वेगळे खाणे, नाहीतर ती एकमेकांना खातात. मादी वयात यायला सहा-सात वर्षे. एवढे थांबायला कोणाला सवड नाही, म्हणून पिल्लेच विकली जातात, आणि शेकडो पिल्ले एकदम बाजारात आली की भाव कोसळतो. सुरुवातीला ज्यांच्याकडे माल होता ते कमावून गेले. मागून येणाऱ्यांच्या हाती कुप्या राहिल्या. यंत्रमागाच्या धंद्यात हे आपण कितीदा पाहिले आहे. (कोणी विचारील, रेशीम तरी मिळते काय? टॅरंटुलाच्या जाळ्याचे कापड होत नाही. २००९ साली न्यूयॉर्कला जे कोळ्याच्या रेशमाचे सोनेरी वस्त्र मांडले होते, ते मादागास्करच्या वेगळ्या कोळ्यांचे होते आणि त्याला दहा लाखांहून अधिक कोळी लागले. भाव काढायला बसू नये.)

या बाजारात आपल्या देशाचाही माल आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आंध्रातील गुत्ती गावी रेल्वेच्या लाकडांच्या आवारात एक निळाशार कोळी सापडला आणि १८९९ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. पुढे शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलात तो पुन्हा आढळला. थोड्याच वर्षांत युरोपातल्या डब्यांत त्याची पिल्ले निघू लागली आणि एकेकाला शेकडो डॉलर मोजले गेले. २००८ साली हाच कोळी नष्ट होण्याच्या अगदी कडेला असलेल्या प्राण्यांत नोंदला गेला. माल आंध्राचा, पैदास आणि कमाई परक्यांची, आणि ज्या झाडांच्या ढोलीत तो राहतो ती झाडे इथे तुटत आहेत. आम्हाला हा सौदा न्यायाचा वाटत नाही.

आता कायद्याचे. वन्यप्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला साइट्स म्हणतात, त्यात लाल गुडघ्यांचा कोळी पूर्वीपासून आहे. आपल्याकडील निळा कोळी ज्या कुळातला, ते सबंध कूळ २०१९ साली त्यात आले. परवान्याशिवाय त्यांची आयात-निर्यात चालत नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या टपालात पोलंडहून आलेले एक पार्सल कस्टमवाल्यांनी उघडले. त्यात चांदीचा वर्ख आणि कापूस गुंडाळलेल्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले. आयातीचा परवाना नव्हता, आरोग्याचा दाखला नव्हता. माल जप्त झाला आणि पोलंडला परत पाठवण्यासाठी टपाल खात्याच्या हवाली केला गेला.

वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतला परदेशी प्राणी घरात असेल तर त्याची नोंदणी करावी लागते, त्याची पैदास, हस्तांतर आणि मृत्यू कळवावा लागतो. नियम २०२४ मध्ये निघाले. "विकणारा म्हणाला, कागद लागत नाहीत" हे उत्तर तिथे चालणार नाही. ज्या तरुणांना तरीही हा शौक करायचा असेल, त्यांनी पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून कोळ्याचे शास्त्रीय नाव लेखी घ्यावे आणि ते घेऊन वन खात्याच्या कार्यालयात जावे.