रोहिणखेडचा घाट आणि चाँद मिनार

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ अशी सहज विचारली जाते. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड अगदी घाटाच्या पायथ्याशी आहे. वर बुलढाणा सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, तर खाली पूर्णेच्या खोऱ्यातलं मलकापूर तीनशेच्याही आत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यातले कठीण थर टिकले, सच्छिद्र आणि ठिसूळ थर झिजले, आणि दख्खनच्या डोंगरांना पायऱ्या पडल्या. सैन्याला, तोफांना, लद्दू बैलांना अशी पायरी कुठूनही चढता येत नाही. वाट असते तिथूनच जावं लागतं. बुऱ्हाणपूरहून दक्षिणेकडे निघालेल्या फौजेची वाट रोहिणखेडवरून होती, आणि म्हणूनच इतिहासात हे नाव दोनदा रक्ताने लिहिलं गेलं.

पहिली लढाई १४३७ ची. खानदेशचा नासिर खान फारुकी हा बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद शाहाचा सासरा. मुलीची दरबारात उपेक्षा होते, या रागातून त्याने वऱ्हाडावर चाल केली. वऱ्हाडातले अनेक सरदार त्याला जाऊन मिळाले. तिथल्या सुभेदाराने नरनाळ्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. सुलतानाने दौलताबादचा सुभेदार खलफ हसन याला पाठवलं. रोहिणखेडला नासिर खान हरला, आधी बुऱ्हाणपूरला आणि मग धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याकडे हटला, आणि त्याच वर्षी वारला.

याच सुलतानाच्या कारकिर्दीत दौलताबादच्या पायथ्याशी चाँद मिनार उभा राहिला. तिथला फारसी शिलालेख १४४५ चा आहे. मिनार रोहिणखेडच्या विजयासाठी बांधला, असा दावा मी करणार नाही. पण ज्या गावातून ती फौज निघाली, तिथेच हा गोल, चार टप्प्यांचा मनोरा उभा आहे. तोड्यांवर पेललेले सज्जे, मधल्या भागातल्या उभ्या पन्हळी, तळाशी लहानशी मशीद, आत वर जाणारा जिना. दिल्लीच्या कुतुबमिनाराशी त्याचं नातं उघड दिसतं. १३२७ नंतर, राजधानी इथे हलवली गेली तेव्हा, दिल्लीतूनच माणसं इथे आली होती.

असा मनोरा पडत का नाही? आपल्याला वाटतं, खालचा दगड वरच्या ओझ्याने चिरडेल. हिशेब करून पाहू. घट्ट बेसाल्टचा एक घनमीटर साधारण तीन टन भरतो. अशा दगडाच्या ५० मीटर उंच सरळ खांबाच्या तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे १५० टन भार येतो. निकोप बेसाल्ट याच्या कितीतरी पट, दर चौरस मीटरला दहा हजार टनांच्या आसपासही, भार सोसतो. चिरडण्याची भीती नाहीच. दगड ताणाला मात्र फार कमकुवत. वाऱ्याने किंवा भूकंपाने मनोरा कलला, की एका बाजूचा दाब घटतो आणि तिथल्या सांध्यांत ताण यायला लागतो. म्हणून वजनाची रेघ तळाच्या मध्यालगत राहायला हवी. वर निमुळता होत जाणारा आकार त्यासाठीच. कुतुबमिनाराचा तळ १४ मीटरहून रुंद, तर माथा तीन मीटरहून अरुंद. पिसाच्या मनोऱ्याचं दुखणं दगडात नव्हतं. खालच्या मऊ मातीत होतं. ११७३ मध्ये काम सुरू झालं आणि काही वर्षांतच तो कलू लागला. दख्खनमध्ये बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की खडक लागतो, हे मोठं भाग्य.

आकारानंतर दुसरा नायक चुना. चुनखडी भाजली की कळीचा चुना, तो पाण्यात विरवला की मऊ लगदा, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो पुन्हा चुनखडीच होतो. जाड भिंतीच्या आत हे काम वर्षानुवर्षं चालतं. तोवर सांधा थोडा मवाळ राहतो. बांधकाम बसतं, सरकतं, पण सहसा तडकत नाही. बारीक भेगा पडल्या तरी पाण्यात विरघळलेला चुना पुन्हा स्थिरावून त्या काही प्रमाणात बुजवतो.

रोहिणखेडला १५८२ मध्ये महदवी पंथाच्या खुदावंद खानाने बांधलेली मशीद आहे. दुसरी लढाई १५९१ ची. याच गावाजवळ अहमदनगरच्या गादीवर दावा सांगणाऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या फौजेशी लढताना तिथला जमाल खान, तोही महदवी, मारला गेला. चुन्यात बांधलेल्या जुन्या वास्तूंची डागडुजी सिमेंटने करू नये. सिमेंट ताठर असतं. ओल बाहेर पडू देत नाही, क्षार आत साठवतं आणि शेजारचा दगड पोपडे धरून सुटू लागतो. चुना मुरवणारे गवंडी आता थोडेच उरले आहेत. जिल्ह्यातल्या जुन्या भिंतींसाठी त्यांच्याकडून हे काम शिकणारी नवी माणसं लगेच तयार व्हायला हवीत.