हार्ड डिस्क बंद पडण्याआधी

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या कितीतरी घरांतले फोटो, पत्रं, वह्या वाहून गेल्या. बहुतेकांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आज अल्फारेटातल्या आपल्या घरांत मुंजीची व्हिडिओ, आईचा आवाज, मंडळातल्या जुन्या नाटकांचं रेकॉर्डिंग हे सगळं बरेचदा एकाच हार्ड डिस्कवर असतं. तिला पूर लागत नाही. टेबलावरून पडली तरी पुरे.

डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. टकटक आवाज येऊ लागला की कॉम्प्युटर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं तर तबकडीवर ओरखडे पडू शकतात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणीतरी देतंच. तो ऐकू नका, आत दव धरतं. धूळविरहित खोलीत डिस्क उघडणारे तज्ज्ञ आहेत, पण बिल हजार डॉलरच्या वर जाऊ शकतं.

त्यापेक्षा तीन प्रती ठेवा: दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. फोनचे फोटो क्लाउडशी जुळवलेले असले म्हणजे बॅकअप झाला असं नव्हे. इथे पुसलं की बहुधा तिथूनही पुसलं जातं. जॉर्जियात उन्हाळ्यात विजा कडाडतात, तेव्हा बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवावी. वर्षातून एकदा, गणपतीच्या सुमारास म्हणा, तिच्यातले चार फोटो उघडून बघा. घराबाहेरची प्रत पुण्याला भावाकडेही चालेल. जाताना बॅगेत तिला जागा ती किती लागणार!