घोटचे उदयगिरी

गडचिरोली जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय चामोर्शी तालुक्यात, घोट या गावी आहे. देशातल्या इतर नवोदयांप्रमाणे इथली मुलेही चार डोंगरांच्या नावांत वाटलेली असतात. अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशी चार सदने आणि त्यांचे रंग अनुक्रमे निळा, हिरवा, लाल, पिवळा. यांतल्या पहिल्या तीन पर्वतरांगा भूगोलाच्या नकाशावर चटकन सापडतात. उदयगिरी मात्र साधी टेकडी आहे. तिला शोधायचे तर इतिहासाचे पुस्तक उघडावे लागते, आणि एकदा उघडले की त्यातली एक वाट थेट वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन पोहोचते. म्हणून हा लेख चारांपैकी पिवळ्या सदनाचा.

नवोदयाची कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. त्याआधीच प्रयोग म्हणून पहिली दोन विद्यालये निघाली होती, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या विदर्भात अमरावतीला. आज देशभरात साडेसहाशेहून अधिक आहेत. सहावीला प्रवेशपरीक्षा, ऐंशी जागा, त्यांतल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे शाळेचे. शेतमजुराच्या घरातले मूल आणि शिक्षकाच्या घरातले मूल एकाच मेसमध्ये सारखेच जेवण जेवते, ही गोष्ट मला या योजनेतली सर्वांत मोलाची वाटते.

पण एकत्र जेवल्याने लगेच कोणी एकमेकांचे होत नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला कोरची, दुसऱ्या टोकाला सिरोंचा. कोरचीकडे छत्तीसगढी कानावर पडते, सिरोंच्याला घराघरात तेलुगू, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत, तिथे बंगाली बोलतात. वैनगंगेच्या काठाला झाडीबोली. दहा-अकरा वर्षांची ही मुले पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात येतात तेव्हा पहिले काही दिवस आपापल्या तालुक्याच्या मुलांशेजारीच बसतात. सदन हे कोंडाळे मोडते. वाटणी करताना गाव, भाषा, जात काहीच पाहिले जात नाही. सहावीतला नवखा आणि बारावीतला सदन-कप्तान एकाच रंगाचे होतात. सदनप्रमुख शिक्षक असतात, पण पेटीला कुलूप कसे लावायचे, चादरीची घडी कशी घालायची, घरची आठवण आली तर कुठे जाऊन बसायचे, हे वरच्या वर्गातले दादा आणि ताईच शिकवतात. सदनाची मुले खऱ्या अर्थाने एक होतात ती मात्र मैदानावर.

नवोदयातला दिवस पहाटेच्या पीटीने उघडतो आणि संध्याकाळचे खेळ झाल्याशिवाय संपत नाही. वर्षाची सुरुवात पावसाळ्यात. या भागातला पाऊस म्हणजे भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागते आणि पलीकडची गावे तुटतात. त्या बाजूचे मूल सुटीवरून वेळेत परतेलच असे नाही, आणि सदनाच्या कबड्डी संघाला आपला चढाईपटू नसताना उतरावे लागते. चिखलात कबड्डी मात्र छान रंगते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे वैनगंगेकाठच्या, मुलांना ती शिकवावी लागत नाही. धानाची कापणी झाली की गावोगावी मंडईच्या जत्रा, नाटके आणि कबड्डीचे सामने यांचाच हंगाम असतो. दिव्यांच्या उजेडात रात्र-रात्र चालणारे हे सामने पाहतच ही मुले वाढलेली. पकडीला कुठे उभे राहायचे ते त्यांना कळते. श्वास सांभाळणे आणि बोनस रेषेचे भान हे तेवढे शाळेत येते.

खो-खोचे वेगळे. या खेळाचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, हा महाराष्ट्राचा मान. पण तो खेळायला जो दम लागतो तो जंगलपट्टीतल्या मुलींच्या पायांत आधीपासून असतो. आठ गडी चौरसांत आळीपाळीने विरुद्ध तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही, पळणाऱ्याला येते. साऱ्या खेळाची गंमत या एका नियमात आहे. पाठीवर बसणारा 'खो' नेमक्या क्षणी मिळाला तर वेगाने कमी असलेला संघही जिंकतो. सदनांच्या सामन्यांत हा खेळ सर्वांत उपयोगी, असे माझे ठाम मत आहे. वेगवान गडी एखाद्याच सदनात असू शकतात, पण एकमेकांची नजर ओळखणारे नऊ जण कोणतेही सदन सरावाने घडवू शकते. जिची भाषा आपल्याला येत नाही तिच्या पाठीवर एक मुलगी 'खो' देऊन तिच्या जागी बसते आणि ती उठून धावते. या दोन मुलींना त्या क्षणी आणखी काही बोलावे लागत नाही.

खेळांखेरीज भाषणे, नाटुकली, गाणी, खोल्यांची स्वच्छता या सगळ्यांचे गुण सदनाच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे ज्याला धावता येत नाही तोही आपल्या रंगासाठी काहीतरी मिळवून आणतो. सदनांच्या सामन्यांतून शाळेचा संघ निवडतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत. इथे पिवळा, निळा, लाल, हिरवा उतरतो आणि सगळे घोटचे होतात. पुढे समूह, मग विभाग (महाराष्ट्र, गुजरात, गोव्याच्या नवोदयांचा विभाग पुण्याचा), मग राष्ट्रीय. चंद्रपूर जिल्ह्याचे नवोदय नागभीड तालुक्यातल्या तळोधी (बाळापूर) येथे आहे. तिथेही सदनांची नावे हीच चार. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेले हे दोन मुलूख मैदानात समोरासमोर येतात तेव्हा दोन्हीकडे उदयगिरीचे गडी असतात.

थंडीत मैदानी स्पर्धा. सदनांचे झेंडे घेऊन संचलन, मग धावणे, लांब उडी, उंच उडी, गोळाफेक आणि शेवटी रिले. गुण बरोबरीत असले की सारी शाळा या शेवटच्या शर्यतीला दोरीला येऊन भिडते. फेब्रुवारी आला की मैदान ओसरते, परीक्षा येतात, आणि वर्षाची ढाल कोणत्या तरी एका सदनाकडे जाते.

उदयगिरीच्या मुलांना आपल्या नावाबद्दल काय सांगावे? भारताच्या इतिहासात उदयगिरी नावाच्या दोन टेकड्या ठळक आहेत. एक मध्य प्रदेशात विदिशेजवळ. तिथे गुप्तकाळातली लेणी आहेत. चंद्रगुप्त दुसऱ्याच्या काळातला, इ. स. ४०१-०२ सालचा लेख आहे आणि पृथ्वीला दाताने उचलून धरणाऱ्या वराहाचे भव्य शिल्प आहे. दुसरी ओडिशात, भुवनेश्वरजवळ, खंडगिरीला लागून. खेळणाऱ्या मुलांना मी आधी हीच दुसरी सांगेन.

या टेकडीवर जैन मुनींसाठी खोदलेल्या गुंफा आहेत. त्यांतल्या हाथीगुंफेच्या कपाळावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सतरा ओळींचा लेख आहे, कलिंगचा राजा खारवेल याचा. काळ इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. राजांचे लेख बहुधा वंशावळ, विजय, दाने यांनी भरलेले असतात. खारवेलाचा लेख वर्षावर्षाने चालतो, आणि त्याची सुरुवात बालपणापासून आहे. पंधरा वर्षे राजपुत्र बाळखेळ खेळला, असे तो सांगतो. त्यानंतर लेखन, नाणी, हिशेब, व्यवहार आणि कायदा यांचे शिक्षण, नऊ वर्षे युवराजपद, आणि चोविसावे वर्ष पूर्ण झाल्यावर राज्याभिषेक. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाला आपण किती वर्षे खेळलो हे दगडावर कोरून ठेवावेसे वाटले. संध्याकाळच्या खेळाचा तास अभ्यासाला देऊन टाकावा असे ज्या पालकांना वाटते, त्यांना ही ओळ ऐकवायला हवी.

राज्याच्या पहिल्या वर्षी त्याने वादळाने पडलेल्या नगराच्या वेशी आणि तट दुरुस्त केले. दुसऱ्या वर्षी सातवाहन राजा सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठवले, ते कण्हबेंणा नदीपर्यंत गेले. ही नदी कोणती यावर मतभेद आहेत. कोणी ती कृष्णा मानतात. विदर्भाच्या इतिहासाचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती कन्हान मानली, आणि कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. चौथ्या वर्षी त्याने रठिक आणि भोजकांना नमवले असे लेख सांगतो, आणि भोजकांचे नाते विदर्भाशी जोडले जाते. मिराशींचे म्हणणे धरले तर उदयगिरीच्या राजाचे सैन्य आपल्याच नद्यांच्या खोऱ्यापर्यंत येऊन गेले होते. चामोर्शीची मुले मार्कंड्याच्या यात्रेला जातात तेव्हा त्याच वैनगंगेत पाय बुडवतात. परक्या वाटणाऱ्या नावाचा असा धागा हाताशी असताना तो मुलांना न देणे मला पटत नाही.

दुसरा धागा तर शाळेच्या गावातलाच. १८५८ मध्ये चांदा (म्हणजे आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. त्याचा नायक मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके, जन्म १२ मार्च १८३३. त्याच्या खांद्याला खांदा लावून लढणारा व्यंकटराव हा अडपल्ली आणि घोटचा जमीनदार. होय, हेच घोट. या दोघांनी गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांना एकत्र करून मार्चमध्ये राजगड परगणा घेतला. इंग्रजांची फौज आली तेव्हा डोंगरांच्या आणि जंगलाच्या आधाराने तिला वारंवार मागे रेटले. २९ एप्रिलच्या रात्री चिंचगोंडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन कर्मचारी मारले गेले. मग चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यावर दडपण आणले. तिच्या माणसांनी १८ सप्टेंबरला बाबुरावाला पकडले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. वय पंचवीस. चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळापाशी दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात, आणि २००९ मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निघून गेला. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्याला पकडले आणि त्याला जन्मठेप झाली. बाबुरावाचे नाव आज चौकांना आणि संस्थांना आहे. व्यंकटरावाचे नाव त्या मानाने फार थोड्यांच्या ओठी येते, आणि घोटला शिकणाऱ्या मुलाने तरी ते घ्यावे असे मला मनापासून वाटते.

मग सदनांची नावे बदलावी का? तसे मला वाटत नाही. देशभर हीच चार नावे असण्यामागे जो विचार आहे तो खरा आहे. नवोदयात नववीला तीस टक्क्यांपर्यंत मुले हिंदी भागातून बिगर-हिंदी भागात आणि तिकडून इकडे एका वर्षासाठी पाठवली जातात. घोटची चौदा वर्षांची मुलगी हिंदी मुलखातल्या एखाद्या नवोदयात उतरते तेव्हा तिला जेवण वेगळे, हवा वेगळी, बोली वेगळी. सदने मात्र तीच चार. तिकडून घोटला आलेल्या मुलालाही तेवढीच ओळखीची जागा सापडते. शिवाय डोंगराच्या नावाला जात नसते, पक्ष नसतो. त्याच्यासाठी धावताना कोणाला परके वाटत नाही.

आणि डोंगराचे नाव ही या मुलांसाठी नुसती पाटी नव्हे, हे शेजारच्या जिल्ह्याने दाखवून दिले आहे. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. 

माझे मागणे छोटे आहे. घोटच्या मैदानावर सदनांच्या रिलेआधी संचलन होते, तेव्हा प्रत्येक सदनाच्या कप्तानाने आपल्या नावाची दोन मिनिटे गोष्ट सांगावी. अरवलीने हळदीघाटाची सांगावी, निलगिरीने तिथल्या तोडा जमातीची, शिवालिकने हिमालयाच्या पायथ्याच्या जीवाश्मांची. उदयगिरीच्या कप्तानाने खारवेलाची पंधरा वर्षे सांगावी आणि त्याला लागूनच व्यंकटरावाची. मग शिट्टी वाजवावी.