दोन दिवसांत पेपर पब्लिश? जरा थांबा!

बुलढाण्याहून मी पुन्हा तुमच्या इयरफोनमध्ये. नेटपॅक संपलेल्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

खामगावच्या एका एम.एस्सी.वाल्या श्रोत्याने आलेला मेसेज पुढे पाठवलाय: ‘यूजीसी अप्रूव्ह्ड जर्नल, दोन दिवसांत पेपर पब्लिश, सर्टिफिकेट फ्री.’ त्याचा प्रश्न सरळ आहे: “दादा, पैसे भरू का?”

उत्तर देण्याआधी खरं जर्नल काय करतं ते बघू. उदाहरण घेऊ त्याच्याच विषयाचं, सेल सिग्नलिंगचं.

शेतात चालताना पायाजवळून साप सळसळला, की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून ॲड्रेनालिन रक्तात उतरतं आणि यकृताच्या पेशींपर्यंत पोचतं. गंमत म्हणजे ते पेशीत शिरतच नाही. बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं, आणि आत ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो. मग साठवलेली साखर रक्तात सुटते आणि पळायला ताकद मिळते. हार्मोन्सचं काम असं कसं चालतं हे उलगडल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. हेच निरोप बिघडले, ‘वाढत राहा’ हा सिग्नल बंदच झाला नाही, तर कॅन्सर होऊ शकतो.

या विषयाची खास जर्नल्स आहेत. त्यातलं ‘सायन्स सिग्नलिंग’ अमेरिकेत १९९९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालं. आताचं नाव २००८ पासूनचं.

आता समजा, कुणी अशा जर्नलला पेपर पाठवला: ‘लोणारजवळच्या एका झाडाच्या पाल्याचा अर्क कॅन्सर पेशींतला वाढीचा सिग्नल बंद करतो.’ आधी संपादक वाचतात. बरेच पेपर तिथूनच परत येतात. उरलेले त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे जातात. हे बहुतेक वेळा फुकट काम करतात आणि प्रश्न विचारून घाम काढतात. प्रयोग किती वेळा केला? अर्क न घातलेल्या पेशींचं काय झालं? सिग्नल बंद पडला, की अर्काने पेशीच मेल्या? प्रोटीनच्या पट्ट्यांचा फोटो कापलेला नको, पूर्ण दाखवा. मग पुन्हा प्रयोग, पुन्हा उत्तरं. यात महिने जातात. याला म्हणतात पीअर रिव्ह्यू. त्यातूनही चुका सुटतात, पण निदान कुणीतरी अडवायला बसलेलं असतं. दोन दिवसांत हे कोण विचारणार?

हा प्रकार किती पसरलाय, ते पुण्यातच मोजलं गेलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या तेव्हाच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल्स तपासली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निकाल आला: त्यातली ८८ टक्के निकृष्ट. कुणाचा पत्ता धड नाही, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर बनावट. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. नंतर ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे आज कुणी ‘यूजीसी अप्रूव्ह्ड’ म्हणून जाहिरात करत असेल, तर तिथेच सावध व्हा.

मग ओळखायचं कसं? फी घेतली म्हणजे जर्नल खोटं, असं नाही. चांगली ओपन ॲक्सेस जर्नल्सही घेतात, पण सहसा पेपर स्वीकारल्यावर. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. जर्नल ‘डीओएजे’ किंवा ‘पबमेड’वर सापडतं का बघा. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर विचारा: “तुम्ही खरंच इथे आहात का?” आणि घाई कशाची? पीएच.डी.साठीसुद्धा पेपरची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली. तुमच्या विद्यापीठाचा नियम तेवढा गाईडला विचारा.

तर मित्रा, पैसे भरू नकोस. प्रश्न फक्त तुझ्या पैशांचा नाही. न तपासलेला तो पाल्याचा पेपर उद्या ‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरेल, आणि कुणाच्या तरी घरचा पेशंट केमो सोडून पाला उकळून पीत बसेल.

असे मेसेज तुम्हालाही येत असतील तर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!