महाड बंदर

महाड बंदर हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील सावित्री नदीच्या काठचे जुने खाडीबंदर होय. महाड शहर समुद्रकिनाऱ्यावर नाही. तथापि सावित्रीच्या मुखातून शिरणारी भरती येथवर पोहोचते, आणि त्यामुळेच समुद्रापासून बरेच आत असूनही या गावाचा पूर्वेतिहास बंदराचा आहे. शहरालगतची गांधारपाले लेणी, नदीपलीकडील कोल येथील लेण्यांचे दोन लहान गट आणि खाडीच्या मुखावरील बाणकोटचा किल्ला हे या जलमार्गाचे आज दिसणारे अवशेष आहेत.

जलमार्ग

सावित्री नदी महाबळेश्वर येथे उगम पावते, पोलादपूर तालुक्यातून खाली उतरते, महाडजवळ गांधारी नदीस भेटते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये अरबी समुद्रास मिळते. मोठी गलबते म्हाप्रळपर्यंत येत. तेथून पुढे लहान होड्या भरतीच्या वेळा सांभाळून दासगावमार्गे महाड गाठत. समुद्राकडून मीठ व मासळी वर चढे आणि पार घाटासारख्या वाटांनी देशावरचा माल खाली उतरे. घाट आणि खाडी यांची गाठ जेथे पडते, तेथेच हे गाव वाढले.

गांधारपाले लेणी

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे ३० बौद्ध लेणी दोन स्तरांत खोदलेली आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इ.स. पहिले ते तिसरे शतक मानला जातो. स्थानिक लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. कोकणात कोरीव लेणे दिसले की ते पांडवांच्या नावे जमा करण्याची जुनीच रीत आहे. पहिल्या क्रमांकाचा विहार सर्वांत प्रशस्त असून त्याच्या मागील गर्भगृहातील बुद्धमूर्ती नंतरच्या काळातील आहे. मूर्तीखाली चक्र व हरणे कोरलेली दिसतात.

येथील एका ब्राह्मी शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह व भिक्षूंच्या खोल्या यांच्याबरोबर पाण्याची टाकी आणि लेण्याकडे जाणारी वाट यांचाही तीत उल्लेख येतो. वाट हेही दान मानले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रीक-रोमन लेखनात पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅलेपट्मी’ या बंदराचे नाव आढळते. काही अभ्यासक ते पाले गावाशी जोडतात, तर इतर काही दाभोळशी. नावातील साम्य मोहात पाडणारे असले, तरी केवळ तेवढ्यावर निर्णय देता येत नाही.

उत्तरकाळ

१७५५ मध्ये इंग्रजांनी बाणकोटचा किल्ला तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेऊन त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव दिले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पेशवा महाडला आला व पुढे समुद्रमार्गे वसईस गेला. विसाव्या शतकात महाडची ओळख मात्र बंदरामुळे नव्हे, तर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे देशभर पोहोचली. गावास भेट देणाऱ्याने लेणी व तळे दोन्ही एकाच दिवशी पाहावीत. अंतर फार नाही.

गाळ आणि पूर

रस्त्यांची व मोटारींची वाहतूक वाढली, नदीच्या पात्रात गाळ साचत गेला आणि बंदर मोडले. भरती मात्र येतच राहिली. महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरांत अतिवृष्टी होऊन लोंढा उतरत असतानाच खाडीत भरती असेल, तर नदीच्या पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही व ते शहरात शिरते. २२ जुलै २०२१ रोजीच्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पूर्वी व्यापाऱ्याला होडी केव्हा सोडावी हे भरतीवरून कळे; आज पावसाळ्यात दुकानातला माल माळ्यावर केव्हा चढवावा, हे ठरवताना महाडकर भरतीची वेळ विचारतात.

भेट देताना

कोकण रेल्वेवरील वीर हे जवळचे स्थानक आहे. लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात. वरून सावित्री, गांधारी आणि शहर एका दृष्टिक्षेपात येतात. पुळण व मोकळा समुद्र पाहू इच्छिणाऱ्यांनी खाडीच्या मुखापर्यंत जावे. उत्तर तीरावर हरिहरेश्वर आहे. दक्षिणेस बाणकोट व वेळास असून वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव आहे. समुद्री कासवांची घरटी जपणारे गाव म्हणूनही ते आता ओळखले जाते.