ऐझॉलचा दिवस साडेचारला मावळतो

भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. मुंबईचा सूर्य त्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे असतो, मिझोरमच्या राजधानीचा, ऐझॉलचा, ४१ मिनिटं पुढे. मनगटावरची वेळ तेवढी दोन्हीकडे एकच. ऐझॉलला जाऊन आलेले लोक तिथल्या हॉर्न न वाजणाऱ्या रस्त्यांचं कौतुक करतात, आणि ते खरंही आहे. मला मात्र या गावाने घड्याळाला न जुमानता सूर्याशी लावलेला हिशेब जास्त आवडला. नोव्हेंबरमधला तिथला हा एक कामाचा दिवस.

पहाटे साडेपाच. लख्ख उजाडलं आहे. गाव डोंगराच्या धारेवर, अकराशे मीटरच्या आसपास; खालच्या दऱ्या ढगांनी भरलेल्या. मी उतरलो होतो ते घर रस्त्यावरून एकमजली दिसतं. आत शिरलं की जिना खाली जातो, आणखी खाली जातो, आणि मग कळतं की आपण गच्चीतून आलो. पत्र्याच्या छपराला पन्हळ, पन्हळीखाली टाकी. नळाचं पाणी येतं त्लाँग नदीतून, आणि ती वाहते गावाच्या जवळजवळ हजार मीटर खाली. एवढं पाणी वर ढकलायचं म्हणजे ते रोज, पोटभर मिळणार नाहीच. पाऊस संपलेला असतो, म्हणून टाकीत किती उरलंय हे घरमालकीणबाई सकाळीच झाकण उघडून बघतात.

सात. वस्तीच्या ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली. मला एक शब्द कळला नाही, पण घरातला मुलगा चहाचा कप ठेवून उठला. रात्री वस्तीत कुणीतरी गेलं होतं. इथे मयताचं काम घरच्यांवर पडत नाही; यंग मिझो असोसिएशनची पोरं कबर खणतात, बाकडी मांडतात, रात्री त्या घरी जाऊन बसतात, गातात. ही संघटना १९३५ सालची. मिझोरममध्ये गल्लीगल्लीत तिची शाखा आहे आणि तरुण वयात तिच्यात नसलेला माणूस शोधावा लागेल. मुलाने कचेरीत फोन केला, उशीर होईल म्हणाला. कारण विचारलं गेल्याचं काही ऐकू आलं नाही. शहरात राहून गावकी टिकवायची तर अशी, आणि तिचा जाचही असणार. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असलेल्या गावात मला फार दिवस राहवेल असं वाटत नाही.

साडेआठला जेवण. न्याहारी नव्हे, जेवण: भाताचा डोंगर, उकडलेल्या पालेभाजीची ‘बाई’, धुरावलेलं डुकराचं मांस आणि डोळ्यांत पाणी आणणारी बारकी मिरची. मी हात आखडता घेतला तशा बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “आता खाऊन घ्या. मग संध्याकाळपर्यंत चहाच आहे.” मी ‘का पी’ म्हणत मान डोलावली. मोठ्या बाईंना तिथे असंच हाकारतात.

नऊ. कचेऱ्या उघडायची वेळ, रस्ता तुंबलेला. मोटारी एका ओळीत, स्कूटर दुसऱ्या ओळीत, कुणी पुढे घुसत नाही. हा स्वभाव म्हणावा का? थोडाफार असेल. पण धारेवरच्या रस्त्याला रुंदीच नाही. एकाने ओळ मोडली तर दोन्ही बाजू अडकतात. शिवाय पुढचा स्कूटरवाला रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणार असतो. पुण्याहून गेलेल्या माणसाने इथे उपदेश न करता गप्प बसावं.

दुपारी बडा बाजार. रस्त्याने गेलं तर लांबचा वळसा, पायऱ्यांनी गेलं तर पाच मिनिटं आणि दोन गुडघे. विकणाऱ्या बहुतेक बायकाच. मोहरीचा पाला, बांबूचे कोंब, इस्कुट नावाची फळभाजी, सुकी मासळी, गोगलगायी. वरच्या मजल्यांवर अंगाभोवती गुंडाळायचे विणलेले ‘पुआन’ आणि म्यानमारच्या बाजूने आलेली ब्लँकेटं. भाव सांगितला की सांगितला. मी सवयीने घासाघीस केली, तर बाई हसल्या आणि शेजारणीशी बोलायला लागल्या.

चारला सावल्या लांबतात, साडेचारला सूर्य बुडतो. मुंबईत तेव्हा अजून दीड तास ऊन असतं. शटरं खाली येऊ लागतात. सहाच्या आत रात्रीचं जेवण उरकतं, मग कुणी चर्चला, कुणी मयताच्या घरी गायला. आठला रस्ते रिकामे, आणि समोरच्या डोंगरावर घराघरांतले दिवे. नऊला मला सडकून भूक लागली. उघडं काही नव्हतं.

ईशान्येला वेगळी वेळ द्या, ही मागणी जुनी आहे. आसामच्या चहामळ्यांत तर ‘बागान टाइम’ तासभर पुढेच चालतो. ऐझॉलने मागणी मान्य होण्याची वाट न पाहता जेवणाच्या वेळाच बदलून टाकल्या आहेत.

सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे ऐझॉलजवळच्या सैरांगपर्यंत जाते, त्यामुळे आता आपल्याकडची माणसं तिकडे जास्त जातील. जाणार असाल तर इनर लाइन परमिट काढा, रविवारी सगळं बंद असतं हे धरून चाला, आणि पहिल्याच दिवशी गजर पाचचा लावा.